म्हैस उड

आमच्या घरात कोंबड्याला काही कामच नव्हतं, कारण आबा व्हते. तांबडं फुटायच्या आत आबांचा आवाज सुरू व्हायचा अन् तो पहिल्यांदा माह्यावरच येऊन पडायचा. "नाम्या, ऊठ! सूर्य काय तुह्या बापाचा नोकर हाय व्हय, तुह्यासाठी थांबाया?" माहा बाप तर तेच व्हते. मंग सूर्याला नोकरीला कोणी ठेवलं न्हाई म्हणून ते कोणावर चिडून राह्यले, असा इचार करत मी अजून येक डुलकी काढायचो. तवर मायचं भाकरी थापणं सुरू झालेलं असायचं. थप थप थप, मंग तव्यावर चर्र, मंग पुन्ना आबांचा आवाज. मी उठून चुलीपाशी बसलो की माय गरम भाकर, त्यावर ठेचा अन् वाटीत येसराची आमटी पुढं करायची अन् हळूच म्हणायची, "खा गुमान, अन् त्यांचं तोंड चुकव." मी खाण्याचं तेवढं ऐकायचो.

वाटूरपासून थोडं आत आमचं गाव. नाव सांगत न्हाई. गाव अजून हाय, लोकं बी चांगले हायत, मी तिथला म्हणून त्यांना कशाला बदनाम करू? राज निजामाचं व्हतं. शाळा मी येकच दिस पाहिली. मंठ्याला मामाकडं ठेवल्तं मला. तिथं मास्तर उर्दूत शिकवायचे, उजवीकडून डावीकडं लिवायचं. मास्तरांनी माहा कान धरला अन् इचारलं, "समझा क्या?" मी म्हणलं, "कान सोडा, मंग सांगतो." त्यांनी सोडला, अन् मी कान घेऊन बाजाराच्या गाडीत बसून घरी आलो. तव्हापासून मला अक्षर वाचता येत न्हाई. हे सगळं मी बोलून राह्यलो अन् नात लिवून राह्यली. तिनं मधी मधी मला शहाणा करून ठेवला असंल, तं ते तिचं, माहं न्हाई.

आबांचा दुसरा आवाज मोटंवरचा. आता पंप आले, पोरांना मोट म्हणलं की पेटीतली गाठोडी वाटती, म्हणून सांगतो. विहिरीत भली मोठी कातड्याची मोट सोडायची. बैल धावंवरून, म्हंजे विहिरीपासल्या उतारावरून, खाली चालले की दोरानं ती भरून वर येती अन् थारोळ्यात रिकामी व्हती. तिथून पाणी पाटानं गव्हात. मंग बैलांना तसंच उलट्या पायांनी मागं मागं वर यावं लागतं, तव्हा मोट पुन्ना खाली जाती. उतरताना कोणताही बैल उतरतो. मागं सरणं अवघड, बैलाला ते पसंद न्हाई. आमचे चांद्या अन् मण्या फक्त आबांच्या हाळीवर मागं सरायचे. आबा येक लांब हेल काढायचे, "हो हो हो, माघारी रं माह्या राजा," अन् ते दोघं मान हलवत, नवरदेवावानी लाजत मागं यायचे. आबांनी मला उभ्या जन्मात राजा म्हणलं न्हाई. बैलांना म्हणायचे.

मंग येक दिस सकाळी आवाज आलाच न्हाई. मी झ्याक झोपलो. ऊन तोंडावर आलं तव्हा उठलो अन् खुशीत बाहेर आलो, तं माय आबांच्या बाजंपाशी बसल्ती अन् धाकटी बहीण गोदी रडून राह्यल्ती. आबांचं उजवं अंग गेल्तं. तोंड येका बाजूला झुकलं व्हतं अन् जीभ बंद.

हकीमसाब मंठ्याहून तट्टावर आले. नाडी पाह्यली, तेल दिलं अन् म्हणले, "तेल से कुछ नहीं होता, हात हिलाना पडता. रोज हिलाव. जुबान को बी काम देव. नहीं तो दोनों लकडी हो जाते, फिर मैं क्या करूँ?" सांगणं सोपं व्हतं. पण आबा म्हंजे गावाचे भांडणं मिटवणारा माणूस. त्यांना "आबा, हात वर करा बरं, म्हणा बरं पाणी" असं बारक्या लेकरावानी कोण म्हणणार? माय हात हलवाया गेली की ते डाव्या हातानं तिला ढकलायचे. मी गेलो की डोळे असे करायचे की मी आपल्या पायानं मागं सरायचो, बैलापेक्षा बराबर. शेवटी त्यांनी भिंतीकडं तोंड केलं अन् ताककण्या बी दोन घासांच्या वर घेईनात. घर असं गप झालं की उंदीर बी बिचकून चालायचे. मला रोज सकाळी आपोआप जाग यायाला लागली. कोणी शिव्या देईना, अन् मला भाकर गोड लागंना.

गहू तर पाणी मागून राह्यला व्हता. मी म्हणलं, मोट मी हाणतो. मायनं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी म्हणलं, निजामाची गादी मी चालवतो. बैल खाली उतरले बराबर. मोट वर आली, पाणी पडलं, मला वाटलं, जमलं गड्या! मंग मी हेल काढला, "हो हो हो." चांद्यानं मागं वळून पाह्यलं अन् रवंथ सुरू केला. मण्या मुतला. मी आवाज मोठा केला, बारीक केला, आबांसारखं खाकरून पाह्यलं. दुसऱ्या दिशी आबांचा पटका बांधून गेलो, वासानं तरी फसतील म्हणून. फसले न्हाईत. येसण धरून रेटलं तं मण्यानं शिंगानं पटका उडवला, पटका विहिरीत. तो काढाया मी उतरलो अन् वर आलो तं दोघं बैल घरी निघून गेल्ते. शेजाऱ्यांनी आपली जोडी येक सकाळ दिली, पण त्यांचा बी गहू वाळून राह्यला व्हता. पानं कडंनं पिवळी पडाया लागली. अन् आबांना सगळं कळत व्हतं. मी चिखलानं भरून अंगणात आलो की ते माह्याकडं पाहायचे, मंग पुन्ना भिंतीकडं.

तव्हा परतूरहून ठकूआत्या आली. आबांची थोरली बहीण, त्यांना किसन्या म्हणणारी येकलीच. दातांना मिशरी, कमरेला पिशवी अन् आवाज आबांच्या वर येक पट्टी. तिच्यासंगं कोणी बाई खेळाया बसायची न्हाई, कारण आत्या हराया लागली की डाव मोडायची. आल्या आल्या तिनं भावाकडं येक नजर टाकली अन् मायला इचारलं, "हा असा का पडलाय?"

"हकीमसाबनी सांगितलंय आक्का, हात हलवायचा अन् बोलाया शिकायचं. ऐकतच न्हाईत."

"बोलाया शिकायचं?" आत्या म्हणली. "अगं, मागल्या बारीला ह्याला बोलाया मीच शिकवलं व्हतं, कडंवर घेऊन. तव्हा काय काढे पाजले व्हते व्हय? खेळून खेळून शिकलं ते. आता मिशा आल्या म्हणून काय दुसरी तऱ्हा लागती?"

त्या सांजी तिनं बाजंच्या अगदी म्होरं सारवलेल्या जमिनीवर गोदीला, मला अन् मायला गोल बसवलं. आबांना बस म्हणून सुदीक म्हणली न्हाई. "बोटं टेका! चिमणी उड!" हा खेळ लेकरांचा, समद्यांना ठावं हाय. उडणाऱ्याचं नाव घेतलं तं बोट वर. न उडणाऱ्याचं घेतलं अन् बोट वर गेलं, तं तो बाद. बादवाल्यानं दोन्ही हात पुढं करायचे अन् बाकीच्यांनी त्यावर रपारप चापट्या मारायच्या. लेकरांच्या खेळात मिसरूड फुटलेला मी काहून बसलो म्हणाल, तं आत्यानं बसवलं म्हणून. तिला न्हाई म्हणायची आमच्या खानदानात कोणाची छाती नव्हती.

अन् मला इथं येक सांगाया पाहिजे. माह्या कानाचं अन् माह्या बोटाचं पहिल्यापासून वाकडं हाय. "उड" ऐकलं की बोट वर, त्याच्या आधी काय नाव व्हतं ते मंग कळायचं. आत्या म्हणायची, "कावळा उड, पोपट उड, पाटा उड!" मी पाटा उडवला. "कढई उड!" कढई उडवली. मारुतीचं देऊळ उडवलं, वाटूरचा रस्ता उडवला, हकीमसाबचं तट्टू उडवलं. हात लाल झाले. गोदी सहा-सात वर्षाची पोर, ती हसून हसून आडवी झाली. आत्या म्हणली, "नाम्या, तुला कोणी वरातीत बोलवू नये रं, नवरी उड म्हणलं तं तिला बी उडवशील." तेवढ्यात बाजंवरून फुस्स असा आवाज आला. आम्हाला वाटलं मांजर शिंकलं. पाह्यलं तं आबांचं तोंड भिंतीकडं नव्हतं. आमच्याकडं व्हतं, अन् डाव्या बाजूची मिशी हलून राह्यल्ती.

दुसऱ्या सांजी आत्या सहज बोलल्यावानी म्हणली, "गोदे, येक बोट कमी पडून राह्यलं गं. तुह्या आबाचं उजवं बोट नुसतं रिकामंच पडलंय, आण ते इकडं." आम्ही आबांना खाली घोंगडीवर खांबाला टेकवून बसवलं. गोदीनं ते गार बोट उचलून जमिनीवर ठेवलं, बोळक्यातला चिंचोका ठेवावा तसं. आबा रागानं पाहून राह्यले, पण डाव्या हातानं ढकललं न्हाई. गोदीला ते कधीच ढकलत नव्हते. पहिले काही दिस ते बोट तसंच पडून. कावळा उडला, घार उडली, समदं आभाळ उडून गेलं, आबांचं बोट जिथल्या तिथं. पण त्यांचे डोळे खेळाया लागल्ते. मी चुकलो की आत्याच्या आधी त्यांना कळायचं. सांज झाली की मान दाराकडं, आम्ही कव्हा बसतो म्हणून. ताककण्याची वाटी बी खाली व्हाया लागली.

अन् मंग येक दिस आत्या म्हणली, "म्हैस उड!" माहं बोट रिवाजापरमाणं वर. आत्या माह्यावर वसकणार तेवढ्यात गोदी किंचाळली. माह्या बोटाच्या शेजारी दुसरं येक बोट वर आल्तं. फार न्हाई, खालून ज्वारीचा दाणा सरकंल येवढं. थरथरून राह्यलं व्हतं. मायनं तोंडाला पदर लावला. आत्याच्या डोळ्यात बी पाणी आलं, मी पाह्यलं. पण ती आत्या व्हती. तिनं मांडीवर हात मारला अन् ओरडली, "किसन्या बाद! म्हैस उडवली ह्यानं! बाप तसं लेकरू! आण हात!"

माय म्हणली, "आक्का, राहू द्या वो."

"डावात नातं न्हाई," आत्या म्हणली. "हात आण."

आबांचा असा संताप झाला की बास. आम्ही समदे रडून राह्यलो, हसून राह्यलो, अन् त्यांना येवढंच कळालं की आपण हरलो. त्यांचे दोन्ही हात पुढं धरले अन् येकेकानं चापट्या मारल्या. गोदीनं हळू मारल्या. मायनं लाजत लाजत पहिली मारली, पण तिसरीला तिचा हात चांगला बसाया लागला. येवढ्या वर्षांचा संसार, काही तरी बाकी असंल. मरगळलेला तळवा लाल झाला, गरम झाला. त्या सांजी मायनं गूळ घालून मलिदा केला. हरण्याचा मलिदा आमच्याच घरी झाला असंल. परवा नातसून सांगून राह्यल्ती, पोराच्या बालवाडीत म्हणे समदं खेळातूनच शिकवतेत, अन् त्याची वेगळी फी असती. मी म्हणलं, आमच्यात फी हरणाऱ्याच्या हातावर देत.

तव्हापासून आबा हट्टाला पेटले. दिसभर खांबाला टेकून बोट वर, बोट खाली. आम्हाला वाटायचं, हकीमसाबचं ऐकून राह्यले. कशाचं? ते आत्याला हरवायची तालीम करून राह्यल्ते.

हकीमसाब पुन्ना आले तव्हा आमचा डाव भरात व्हता. ते दारातच थांबले. "अरे ये क्या तमाशा चालू हाय?" आत्या म्हणली, "बसा, येक बोट कमीच हाय." बिचारे आपली काळी टोपी सांभाळत मांडी घालून बसले. आत्यानं सुरू केलं, "कबुतर उड! कोंबडी उड!" गोदीचं बोट वर, माहं वर, आबांचं बी वर, आता चांगलं चार बोटं उंच. हकीमसाबचं खालीच.

"हकीमसाब बाद!" गोदी म्हणली.

"मैं कायकू बाद?" हकीमसाब तापले. "मुर्गी कब्बी उडती क्या? कूदती वो!"

"कूदती? मंग आमच्या माळवदावर रोज काय शिडी लावून जाती?" माय म्हणली. परक्या माणसापुढं माय कधी बोलायची न्हाई, पण कोंबडी तिची व्हती.

"बाई, मैंने हैदराबाद तक मुर्ग्या देखे. येक बी उडती न्हाई."

असा कालवा झाला की बाया वाड्याबाहेर गोळा झाल्या. आबा येकदा इकडं पाहायचे, येकदा तिकडं. जन्मभर लोकांचे तंटे तोडले, अन् आज घरातच तंटा लागला तं बोलता येईना. मानेच्या शिरा तटतटल्या. आत्यानं ते पाह्यलं. अन् ती बाई, जी आयुष्यात कधी डाव हरली न्हाई, ती येकदम नरमाईनं म्हणली, "बरं बाबा, जाऊ द्या. हकीमसाब म्हणतेत तं खरं असंल. कोंबडी उडत न्हाई. म्हंजे किसन्या बाद."

आबांचं तोंड लालेलाल झालं. डावा हात जमिनीवर आपटला. "उ... उ..." गोदी गुडघ्यावर उठली. "उडती!"

अंगणात कोंबडीनं पंख फडफडवले तेवढाच आवाज. मंग हकीमसाबनी टोपी काढून बाजूला ठेवली अन् दोन्ही हात पुढं केले. "उडती, किशनराव. बिलकुल उडती. मैं हारा. मारो."

बस, तेवढाच येक शब्द परत आल्ता. अन् तो बी पुरा न्हाई, "उड" येवढाच हुकमी. माय इचारायची, "पाणी देऊ?" आबा म्हणायचे, "उड." "भाकर?" "उड." मला हाक मारायची तं माह्याकडं बोट अन् "उड." माहं नाव काही येत नव्हतं. ते तोंड वाकडं करून लई जोर लावायचे, मंग रागानं मान वळवायचे. आत्या म्हणायची, "घाई करू नको किसन्या, तसं बी ते नाव घेण्यासारखं पोरगं न्हाई."

गव्हाला मात्र घाई व्हती. अजून येक पाळी हुकली असती तं ओंबीत दाणा भरलाच नसता. आत्या म्हणली, "आवाज घरी ठेवून बैल कसे चालतील? घाला ह्याला गाडीत." आम्ही आबांना बाजंसकट गाडीत घातलं अन् विहिरीवर नेऊन धावंच्या वरल्या अंगाला ठेवलं. चांद्यानं हुंगलं, त्यांच्या मांडीला नाक लावलं. मी बैल खाली हाणले. मोट भरून आली, थारोळ्यात पाणी पडलं. आता मागं सरायचं. आबांनी तोंड उघडलं, तो जुना हेल काढायला. नुसती हवा आली. पुन्ना उघडलं. ओठ हलले, डोळ्यांत पाणी. मी बैलांच्या मागं उभा, काय करावं ते न कळून चांद्याची शेपूट धरलेली. अन् तेवढ्यात बाजंवरून मोठ्यानं आवाज आला, "उड!"

चांद्याचा कान फिरला.

"उड! उड!"

अन् ते दोघं मागं सरले. शब्द कोणता का असंना, गळा ओळखीचा व्हता. मागं सरले ते असे झपाट्यानं की मी त्यांच्या अन् थारोळ्याच्या मधी हाय हे कोणाच्या ध्यानातच राह्यलं न्हाई, माह्या बी. मी पाण्यात उताणा पडलो. दुसरी मोट माह्या अंगावर रिकामी झाली. माय पाटावरून ओरडली, "नाम्या, ऊठ तिथून, पाणी अडवू नको!" मी उठलो, पाणी गेलं. तिसऱ्या प्रहरापत्तर सगळा तुकडा भिजला अन् आबांचा घसा बसला. गावात लई दिस बोलत व्हते, किसनरावाचे बैल उडतेत म्हणून. चांद्या-मण्या म्हातारे होऊन मरंपत्तर "उड" म्हणलं की मागं सरायचे. पाव्हणे यायचे तं त्यांना दाखवाया न्यावं लागायचं.

त्याच सांजी आत्या डाव मांडून बसली, तं आबांनी डावा हात आपल्या छातीवर ठेवला. म्हंजे, आज नाव मी घेणार. आत्या म्हणली, "तुला उड सोडून काय येतं?" आबांनी पुन्ना छातीवर हात मारला. आम्ही बोटं टेकली. आबांनी समद्यांकडं पाह्यलं. मंग माह्याकडं. जबडा हलाया लागला, मिशी थरथरली, कपाळाला घाम आला. चुलीवर येसराला उकळी आल्ती, ती उतरवाया बी माय उठली न्हाई.

"ना..." आबा म्हणले. "ना... नाम्या उड!"

नियम सोपा हाय. नाम्या काही पाखरू न्हाई. मायचं बोट खाली, गोदीचं खाली, आत्याचं तं खालीच. वर गेल्तं ते माहंच.

"बाद!" गोदी ओरडली. मी हात पुढं केले. आत्यानं मारल्या, गोदीनं मारल्या, मायनं मारल्या. सगळ्यात शेवटी आबांनी उजवा हात उचलला. डाव्या हाताचा टेकू न घेता उचलला, वेळ लागला, आम्ही थांबलो. तो माह्या तळव्यावर येऊन पडला.

"लागलं न्हाई आबा," मी म्हणलं. "अजून येक मारा."